परसाची रब्बी



पाऊस आता परतीला लागला आहे. हस्ताचे पाणी पडून गेले. चित्रा-स्वातीत एखादी सर येईलही, पण ढगांचा जोर ओसरला हे कुणीही सांगेल. शेतात आता रब्बीची गडबड सुरू होईल. पाभर बाहेर निघेल. ज्वारीचे बी, हरभऱ्याचे बी पाहिले जाईल. शेताची रब्बी सगळ्यांच्या ध्यानात असते. घरामागच्या परसालाही एक रब्बी असते. ती मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. आज आम्ही त्या रब्बीविषयी बोलणार आहोत.

परस सगळ्यांकडे सारखे नसते. कुणाकडे गुंठाभर जागा असते. कुणाकडे न्हाणीच्या मागे दोन खाटा मावतील एवढीच. आमचे म्हणणे असे, की दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद जागा असली तरी सुरुवातीला पुष्कळ झाली. तेवढ्यात पाच माणसांच्या घराला थंडीभर आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी निघते. मात्र तयारी आत्ता करायची. दिवाळीनंतर करू म्हणाल, तर ती व्हायची नाही.

आत्ताच का? तर पावसाने जमीन खोलवर भिजलेली आहे. ही ओल फुकटची आहे. ऑक्टोबरचे ऊन कडक असते. पंधरा-वीस दिवसांत ते वरची माती टणक करते. काळी जमीन तर भेगाळते. मग कुदळ मारली की ढेकूळच निघते, आणि ते फोडायला पुन्हा पाणी ओतावे लागते. दुसरे कारण थंडीचे. बी रुजायला ऊब लागते. आश्विनात पेरलेली मेथी चार-पाच दिवसांत वर येते. तीच पौषात पेरली तर रेंगाळते. थंडी पडायच्या आत रोपाने मूळ धरले, की पुढची थंडी त्याला मानवते. म्हणजे पाऊस थांबल्यापासून दिवाळीपर्यंतचे जे दोन-तीन आठवडे, तेच परसाच्या रब्बीचे दिवस.

आता बाया म्हणतील, "याच दिवसांत आम्हाला मरायला फुरसत नसते." खरे आहे. दसऱ्याला घरातली गोधडीन् गोधडी धुऊन निघते. मग सारवण, रंगकाम, फराळ. त्यात आणखी कुदळ कोण मारणार? आम्ही सांगतो, कुदळ घरच्या पुरुषाने मारावी. शंभर चौरस फुटांचे खणकाम म्हणजे एका सकाळचे काम आहे. शेत बायांनी निंदायचे आणि परसही बायांनीच खणायचे, ही वाटणी आम्हाला पटत नाही.

एवढी खटपट कशासाठी करायची, तेही सांगतो. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात घरोघर जाऊन आरोग्याची एक मोठी पाहणी झाली. तिचे नाव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. माणसांच्या बोटातून थेंबभर रक्त काढून तपासले. तेव्हा महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. पाच वर्षांच्या आतल्या पोरांत तर तीनातल्या दोघांची हीच तऱ्हा. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, काम नकोसे होते. घरचे म्हणतात, आळस भरला. तो आळस नव्हे, रक्त कमी झाले आहे. ज्या बाईचे रक्त फारच कमी आहे, तिने दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. नुसत्या भाजीने ते भरून निघत नाही. पण रोजच्या ताटात हिरवा पाला असला, त्यावर लिंबू पिळलेले असले, आणि जेवणावर लगेच चहा घेतला नाही, तर त्या ताटातले लोह अंगी लागायला मदत होते. गाजर, पालक, शेवग्याचा पाला, पिकलेली पपई यांनी डोळ्यांनाही बळ येते. लहान मुलांचा रातांधळेपणा टळतो. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी मात्र हवी. त्याशिवाय तो गुण अंगात मुरत नाही.

हा पाला बाजारात मिळत नाही का? मिळतो. पण कोथिंबीर एका आठवड्यात मातीमोल होते आणि दुसऱ्या आठवड्यात हात लावू देत नाही. हातावर पोट असलेल्या घरात महागाईत पहिली काट पालेभाजीलाच लागते.

तर आता कामाला लागू.

पहिल्यांदा ऊन पाहा. पावसाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो. थंडीत तो दक्षिणेकडून, खालून खालून जातो. म्हणून थंडीत सावल्या लांब पडतात. दहा फूट उंच भिंत असेल, तर डिसेंबरात भर बारा वाजताही तिची सावली उत्तरेच्या बाजूला नऊ फूट पडते. ज्या जागी श्रावणात भेंडी जोमाने आली, ती जागा मार्गशीर्षात दिवसभर सावलीत असू शकते. पुष्कळांची थंडीची भाजी अशीच फसते. खत घातले, पाणी घातले, आणि मेथी मात्र पिवळी आणि लांबट. लोक बियाला नावे ठेवतात. बी बिचारे काय करील? त्याला ऊनच नाही. म्हणून वाफा घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला, जिथे पाच-सहा तास ऊन लागेल तिथे काढा. उत्तरेच्या सावलीत अळू, पुदिना लावा. त्यांचे तेवढ्यावर भागते.

मग पावसाळ्याचा पसारा आवरा. काकडी, दोडका, कारले यांचे वेल आता संपत आले असतील. ते उपटा. बियाला म्हणून एखादा दोडका वेलावर पूर्ण वाळू द्या. किडके, करपलेले वेल उकिरड्यावर टाकू नका. तिथून कीड पुन्हा परसात येते. ते दूर नेऊन खोल पुरा. दोडक्याचा मांडव मात्र मोडू नका. तो वालाला आणि घेवड्याला कामाला येतो. शहाण्या बाया दोडका निघायच्या आधीच त्याच्या बुडाशी वालाचे चार दाणे टोचून ठेवतात. वालाच्या गावठी जातींना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. भाद्रपदात लावलेला वेल नुसता पाला वाढवीत बसतो. त्याला उपटू नका. दिवस लहान झाले की तो आपोआप फुलावर येतो, आणि संक्रांतीच्या सुमाराला शेंगांचे घोस लोंबतात.

आता खणायचे. पण माती चिखल असताना खणू नका आणि दगड झाल्यावरही खणू नका. वाफसा आला की खणा. शेतकऱ्याला वाफसा काय ते सांगायला नको. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी मूठभर माती घेऊन दाबावी आणि तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा. वीतभर खोल खणा, हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा, आणि आठ दिवस माती उघडी तापू द्या. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण ते इथे आपलेच काम करते. हुमणीच्या अळ्या आणि किडींचे कोष वर येतात. काही उन्हाने मरतात, काही साळुंक्या आणि कोंबड्या टिपतात. या आठ दिवसांत कोंबड्यांना परसात खुशाल फिरू द्या. पेरणीनंतर मात्र त्यांना तिथे पाऊल टाकू द्यायचे नाही.

दहा फुटी चौकोनाला दोन-तीन घमेली खत पुरते. खत कुजलेलेच हवे. हातात घेतले तर भुसभुशीत, काळे, आणि वास मातीचा. कच्चे शेण घातले तर वाळवी आणि हुमणी येते, आणि गाजराला फाटे फुटतात. कुजलेले खत घरीच होते. इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी याचा अभ्यास केला आणि १९३१ साली त्यावर पुस्तक काढले. त्यांची रीत साधी आहे. पालापाचोळा आणि काडीकचऱ्याचा एक थर, त्यावर शेणाचा थर, त्यावर राख-माती, आणि पाण्याचा शिपका. असे थर रचत जायचे आणि मधूनमधून ढीग उलटायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. आपल्या आज्याही उकिरडा करतच होत्या. फरक एवढाच, की उघडा उकिरडा उन्हापावसाने धुऊन जातो आणि त्यावर माश्या घोंगावतात. रचलेल्या ढिगातला कस राहतो. यंदा खत नसेल तर शेजाऱ्याकडून दोन घमेली मागून आणा आणि आजच एका कोपऱ्यात ढीग लावा. उन्हाळ्याच्या भाजीला तो उपयोगी पडेल.

वाफा कसा करायचा, यातही पावसाळा-हिवाळ्याचा भेद आहे. पावसाळ्यात आपण गादीवाफा करतो. तो उंच असतो, म्हणजे पाणी साचत नाही. थंडीत उलटे. आता पाणी टिकवायचे आहे. म्हणून सपाट वाफा करा आणि त्याच्या चारी कडांना चार बोटे उंच वरंबा घाला. वाफा चार फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. आत पाय ठेवला की माती पुन्हा दबते. वरंब्याची जागाही फुकट घालवू नका. त्याच्यावर वितीच्या अंतराने मुळ्याचे बी टोचा.

आता पाण्याचे. कुठेही बोलायला गेलो की बाया हाच प्रश्न विचारतात. "प्यायला पाणी दीड मैलावरून आणतो, आणि तुम्ही भाजीला घालायला सांगता!" राग येण्यासारखेच आहे. पण हिशेब करू या. घरात पाच माणसे. प्रत्येकाने एका बादलीत अंघोळ केली तर पाच बादल्या पाणी रोज मोरीतून जाते. एका बादलीत पंधरा लिटर धरा. पंधरा पंचे पंचाहत्तर. पंचाहत्तर लिटर पाणी रोज घराबाहेर जाऊन गटारात डास वाढवते. आपल्या दहा फुटी चौकोनाला थंडीत रोज चाळीस लिटरच्या आसपास, म्हणजे तीन बादल्याही लागत नाहीत. तेव्हा नवे पाणी आणायचे नाही. आहे त्याच पाण्याला वाट काढून द्यायची. मोरीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा घ्या. त्यात खाली मोठे दगड, वर बारीक खडी, त्यावर जाड वाळू भरा. पाणी त्यातून गाळून पुढे दंडाने वाफ्याकडे जाऊ द्या. दंडाच्या कडेला एखादी केळ आणि अळू लावा. पहिला साबण तेच पिऊन टाकतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी वाफ्यात सोडू नका. त्याने माती चिबड आणि कठीण होते. ते केळीला, नारळाला जाऊ द्या. दुसरे, मोरीचे पाणी पाल्यावर शिंपडू नका. मुळाशी द्या. मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात आपण कच्ची खातो. त्यांना चांगले पाणी ठेवा, आणि खाताना दोन पाण्यांनी धुवा. पाणी सकाळी द्या. वाफ्यावर पाचोळा पसरला की ओल दोन दिवस जास्त टिकते.

बी पेरण्याआधी पारखा. आपल्या घरी नवरात्रात घट बसतो. मातीत धान्य पेरतात, नऊ दिवसांत हिरवे कोंब वर येतात, आणि कुणाचे धान चांगले आले याची बाया आपसात चौकशी करतात. ही बियाची परीक्षाच नाही का? मेथी-पालकाचीही तशीच करा. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथीचे चार दिवसांनी मोजा, पालकाचे आठ दिवसांनी. सोळा-सतरा मोडले तर बी चांगले. दहाच मोडले तर दुप्पट पेरा. पाचच मोडले तर ते बी पेरूच नका.

धन्याचे बी आख्खे पेरू नका. एका धन्यात दोन बिया असतात. जमिनीवर पसरून चपलेने हलके रगडा, म्हणजे दोन डाळी होतील. रात्रभर पाण्यात भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवसांत उगवते. गाजराचे बी फार बारीक. बारीक मातीत कालवून ओळीत पेरा आणि जागचे हलवू नका. गाजर उपटून दुसरीकडे लावले की वाकडे होते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोचा. टोमॅटो, वांगी, कोबी, नवलकोल यांची रोपे मोडक्या घमेल्यात किंवा तेलाच्या डब्यात करा. बुडाला भोके पाडायला विसरू नका. चार आठवड्यांनी ऊन उतरल्यावर रोपे वाफ्यात लावा.

आणि एक, सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नका. हे आम्ही पुन्हा सांगतो, कारण सांगूनही लोक एकदमच पेरतात. महिन्याने ती सगळी एकदम काढणीला येते. चार दिवस घरातली पोरे मेथी खाऊन कंटाळतात, आणि पुढे महिनाभर वाफा मोकळा. वाफ्याचे पट्टे पाडा. आज एक पट्टा, आठ दिवसांनी दुसरा, पुढल्या आठवड्यात तिसरा. पालक, चुका, चाकवत वरून कापा, उपटू नका. ते पुन्हा फुटतात.

कोकणात आणि गोव्यात थोडे वेगळे. तिथे पाऊस जास्त, थंडी कमी. भात कापल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर वाल होतो, आणि घरामागे तांबडी भाजी आणि मुळा उत्तम येतो. कोबी-फ्लॉवरच्या नादी तिथे फारसे लागू नये, असे आमचे मत आहे. नाशिककडे, निफाडच्या बाजूला, थंडी इतकी पडते की पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो. द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तुमच्या टोमॅटोला शेकोटी नको. संध्याकाळी थोडे पाणी द्या आणि रात्री काठ्यांवर गोणपाट टाका. सकाळी ऊन आले की काढा. शहरातल्या चाळीत राहणाऱ्यांनी गॅलरीत गोणीच्या पिशवीत मेथी-कोथिंबीर करावी. त्यांनाही ऊन पाहूनच जागा निवडायला हवी.

कुंपणाचे मुद्दाम शेवटी ठेवले होते, पण ते पेरणीच्या आधी करा. बाभळीच्या, बोरीच्या काट्या लावा आणि शेळीला वाट ठेवू नका. शेळी एकदा आत शिरली की परस तिचाच. माव्याला सुरुवातीलाच चुलीची राख चाळून पाल्यावर धुरळा. वाढला तर अर्धा किलो निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, किंचित साबण मिसळा आणि फवारा. शेतातले विषारी औषध परसात आणू नका. जी भाजी उद्या सकाळी लेकराच्या ताटात जायची, तिच्यावर ते कसे मारणार?

भाजी आली की ती कोण खाते, हेही पाहा. आपल्याकडे आधी पुरुष जेवतात, मग मुले, मग म्हातारी माणसे. सून शेवटी. तिच्या वाट्याला भाकरी, चटणी आणि भाजीचा रस्सा. ज्या घरात तिने पाणी घातले, खुरपले, खुडले, त्याच घरात तिच्या पानात भाजी नाही. पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, तर तिला आणि पोराला दोघांनाही बाधते. भाजी कढईतून काढतानाच तिची वाटी वेगळी काढून ठेवा. सासूबाईंनी हे मनावर घेतले तर होते. उरलेली भाजी विका, जरूर विका, आणि ते पैसे पिकवणारीच्या हातात द्या.

भोगीला परसाची परीक्षा असते. बाजरीची तिळाची भाकरी आणि ती मिसळीची भाजी. वांगे, गाजर, घेवडा, वालाच्या शेंगा, पावटा. हरभऱ्याचा घाटा तेवढा शेतातून येतो. बाकीचे दसऱ्याला कामाला लागलात तर घरचेच असते. वाल आणि वांगी मात्र ज्यांनी पावसातच लावली त्यांच्या घरी.

मग बियाचे. प्रत्येक भाजीची दोन-तीन चांगली रोपे कापू नका. त्यांना फुलू द्या, वाळू द्या. नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या आणि इतर कितीतरी गावठी जातींचे बी असेच जपले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. तरी २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. बी उन्हात चांगले वाळवा, चुलीची गार राख मिसळा, मडक्यात भरा, तोंड मातीने लिंपा. आणि मडक्यावर नाव आणि साल लिहा. आता लिहिता येते तर लिहाच. दोन वर्षांनी मेथी कुठली आणि शेपू कुठला हे आठवणीवर सोडायचे कारण नाही.

बियाच्या पुड्या दाराशी टोपलीत ठेवल्या आहेत. मेथी, पालक, धने, मुळा, गाजर. प्रत्येक पुडीवर नाव लिहिले आहे. आम्ही वाचून दाखवणार नाही. ज्यांना जी हवी, त्यांनी वाचून घ्या. एका घराला तीन पुड्या. ज्यांच्याकडे गावठी वालाचे बी असेल, त्यांनी पुढच्या बुधवारी वर्गाला येताना मूठभर आणावे. पुष्कळांना ते हवे आहे.